पडद्यावर दिसायच्या आधीचे यशपाल

दुर्बीण

नव्वदीच्या सुरुवातीला ज्यांच्या घरी दूरदर्शन बघितलं जायचं, त्यांना 'टर्निंग पॉइंट' ही विज्ञानाची मालिका सांगावी लागत नाही. गिरीश कर्नाडांचा तो खर्जातला आवाज आणि मग प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं देणारे, पांढऱ्या केसांचे, सावकाश बोलणारे प्रा. यशपाल. जुलै २०१७ मध्ये ते गेले तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच वाक्य फिरत होतं, 'अवघड विज्ञान सोपं करून सांगणारे शास्त्रज्ञ'. मला ते वाक्य तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. सोपं करून सांगणारे पुष्कळ असतात. यशपाल सरांनी टीव्हीला एक वेगळाच प्रश्न विचारला होता, तोही स्वतः पडद्यावर यायच्या पंधरा वर्षं आधी: हा डबा कुणासाठी आहे, आणि समोर बसलेल्याच्या मनात काय चाललंय हे त्याला कसं कळणार?

थोडक्यात पार्श्वभूमी देतो. जन्म १९२६ चा, झंगचा, म्हणजे आताच्या पाकिस्तानातला. फाळणीची झळ बसलेली पिढी. १९४९ साली पंजाब विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, मग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर). १९५८ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट, परत मुंबई. वैश्विक किरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांवर काम. विक्रम साराभाई १९७१ च्या शेवटी अचानक गेले आणि त्यानंतर सतीश धवनांनी इस्रोची सूत्रं घेतली. त्यांनी इस्रोच्याच अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रासाठी यशपालांना बोलावलं. उपग्रहांचा किंवा टीव्हीचा कसलाही अनुभव नसलेला हा माणूस त्या केंद्राचा पहिला संचालक झाला.

आणि तिथे त्यांच्या हाती आला 'साइट', उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला मिळाला होता. त्याची अँटेना नऊ मीटर व्यासाची, अवकाशात गेल्यावर छत्रीसारखी उघडणारी. ती एवढी मोठी होती म्हणूनच खाली गावात छोट्या, स्वस्त अँटेनावर काम भागलं. सहा राज्यांतली २,४०० गावं: राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. (महाराष्ट्र त्यात नव्हता.) गावातली अँटेना म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची, साधारण तीन मीटरची. वीज नसेल तिथे बॅटरीवर संच. दिवसाला चार तास कार्यक्रम, सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी.

दिल्ली-मुंबई सोडली तर देशात टीव्ही जेमतेम पोचला होता तेव्हाची ही गोष्ट. ज्या गावात रस्ता नाही तिथे आधी टीव्ही पोचला.

'टर्निंग पॉइंट'मधले यशपाल मला या प्रयोगाचाच पुढचा भाग वाटतात. तुमच्या आठवणी, माहिती, मतभेद, सगळं येऊ द्या.

---

केतकी_बन

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे हा कार्यक्रम लागला की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायची. बाकी कुठल्या कार्यक्रमाला ती असं येऊन बसत नसे. तिचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. पण पत्रातले प्रश्न ऐकून तिला धीर आला असावा, कारण एकदा तिने आम्हाला पोस्टकार्ड आणायला सांगितलं. तिला विचारायचं होतं: ज्वारीची भाकरी फुगते ती का? आणि एखादीच का फुगत नाही, तेच पीठ, तोच तवा असताना?

ते कार्ड पाठवलं की नाही ते आठवत नाही. पण घरात त्यावर जी चर्चा झाली ती पक्की आठवते. वडील म्हणाले, हा काय विज्ञानाचा प्रश्न आहे का. आई म्हणाली, ते गृहस्थ तर म्हणतात की असेच प्रश्न पाठवा.

---

हिरडा

@केतकी_बन, तुमच्या आईंचा प्रश्न अस्सल विज्ञानाचा आहे, उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा घटक नसतो. म्हणून तर कढत पाण्याने उकड काढून मळतात, त्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतो. खालची बाजू भाजून तिचा पापुद्रा तयार होतो. उलटली की पाणी लावलेल्या बाजूचाही पापुद्रा धरतो. आता मधल्या ओल्या थराला दोन्हीकडून बंद झाकण मिळालं. विस्तवावर धरली की त्या ओलाव्याची वाफ होते आणि दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. पाण्याची वाफ झाली की ती जागा हजारपटीहून जास्त मागते, त्यामुळे चमचाभर ओलावाही पुरतो.

न फुगणारी भाकरी नीट बघा. कडेला चीर असते, नाहीतर थापताना एखाद्या ठिकाणी बोट रुतून पातळ झालेली असते, किंवा पाण्याचा हात फिरवायला उशीर होऊन वरचा भाग आधीच सुकून तडकलेला असतो. वाफ तिथून निसटते.

---

केतकी_बन

@हिरडा, आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, 'जुनं पीठ असलं तरी फुगत नाही, त्याचं काय?' 🙂

---

हिरडा

त्यांना सांगा, बरोबर पकडलंत. जुन्या पिठाची विरी जाते, ते धरत नाही, थापतानाच कडा फाटतात. म्हणजे पुन्हा चीर आणि पुन्हा वाफ निसटणं.

---

कोलाब्याचा_पाऊस

दुर्बीण यांनी टीआयएफआरचा भाग एका ओळीत उरकला, तिथे थोडं थांबायला हवं. माझे काका तिथल्या कार्यशाळेत कामाला होते, त्यामुळे घरात ते वातावरण ऐकून माहीत.

यशपाल आले तेव्हा संस्था आजच्या नेव्हीनगरच्या जागेत नव्हती. गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. नवी इमारत १९६२ ची. वैश्विक किरणांचं काम तेव्हा कसं चालायचं ते बघा. फोटोच्या फिल्मवर असतं तसं, पण कितीतरी जाड रसायन लावलेल्या पट्ट्या फुग्याला बांधून वातावरणाच्या वरच्या थरात सोडायच्या. बाहेरून येणारा कण त्या रसायनातून जाताना आपली वाट सोडून जातो. फुगा खाली आला की पट्ट्या धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेषा शोधत बसायचं. आठवडेच्या आठवडे. बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल आणि यशपाल यांनी या पद्धतीने के-मेसॉन या अणूहूनही सूक्ष्म कणांवर केलेलं काम जगात वाखाणलं गेलं.

फुगे इथेच शिवले-चिकटवले जायचे, पट्ट्या इथेच धुतल्या जायच्या. आयतं यंत्र विकत आणून चालवणाऱ्यांची ती पिढी नव्हती. कोंबडीच्या जाळीची अँटेना करायला जो आत्मविश्वास लागतो तो मला इथून आलेला दिसतो.

---

सडाफुली

थोडा वेगळा सूर लावते. 'साइट'बद्दल आपण फार भारावून बोलतो. एक वर्ष टीव्ही दाखवला आणि मग उपग्रह परत गेला. गावातल्या लोकांना काय उरलं? शिवाय सकाळच्या दीड तासात मुलांना शहरात बसून केलेले कार्यक्रम दाखवणं, ह्यात समोरच्याच्या मनात काय आहे हे कुठे आलं? आणि ते वर्ष आणीबाणीचं होतं हेही विसरू नये. टीव्ही सरकारच्या हातात होता.

---

दुर्बीण

@सडाफुली, आणीबाणीचा मुद्दा पूर्ण मान्य. ऑगस्ट ७५ ते जुलै ७६ हा सगळा काळ त्यातच मोडतो आणि सरकारी प्रचार त्या पडद्यावरूनही झाला. तो डाग पुसायचं कारण नाही.

पण बाकीच्या दोन मुद्द्यांवर सांगतो. शाळेच्या मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोने मुंबईत आपला स्टुडिओ उभारून केले. करण्याआधी मुलांना आजूबाजूचं काय माहीत असतं, कुठली चित्रं त्यांना कळतात, कुठली कळत नाहीत, हे माणसं पाठवून पाहिलं गेलं. गावात राहून टिपणं काढणारे समाजशास्त्रज्ञ हा प्रयोगाचाच भाग होता. सगळ्या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस, आपले कोल्हापूरचे. शिवाय याच काळात सुट्ट्यांमध्ये जवळपास ५० हजार प्राथमिक शिक्षकांना उपग्रहावरून विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. ती माणसं उपग्रह गेल्यावरही वर्गात होतीच.

आणि शहरातून कार्यक्रम पाठवण्याची जी अडचण तुम्ही सांगता, तिच्यावरचं उत्तर त्याच केंद्राने गुजरातमध्ये शोधलं. खेडा जिल्ह्यात पीज नावाच्या गावी छोटं प्रक्षेपण केंद्र होतं. तिथे गावकरीच कार्यक्रमात असायचे: मजुरी, सावकारी, अस्पृश्यता, दुधाचा हिशेब, सगळं त्यांच्या बोलीत. १९८४ मध्ये युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. मात्र दिल्लीला असे जिल्ह्याजिल्ह्याचे टीव्ही नको होते. १९८२-८३ नंतर रंगीत राष्ट्रीय कार्यक्रम आला, इन्सॅट-१बी उपग्रह आला, प्रक्षेपण केंद्रं भराभर वाढली आणि पीज मागे पडलं. माझ्या मते भारतीय टीव्हीच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी हानी.

अवांतर: विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांच्या कोलंबोच्या घरीही इस्रोने अँटेना बसवून दिली होती, त्यांना साइटचे कार्यक्रम घरबसल्या दिसावेत म्हणून. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहांची कल्पना १९४५ मध्ये मांडणारा माणूस ओडिशातल्या शेतकऱ्याबरोबर एकच कार्यक्रम बघत होता.

---

सडाफुली

खेडाबद्दल माहीत नव्हतं. धन्यवाद. माझा आक्षेप अर्धा मागे.

---

वाटसरू_निपाणी

सूर्यग्रहणाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? मग मीच लिहितो, कारण दोन ग्रहणांमधला फरक मी स्वतः पाहिलाय.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रासचा पट्टा कारवारकडून आत शिरून कर्नाटक, आंध्रातून ओडिशाकडे गेला. आमच्या भागात ग्रहण भरपूर लागलं होतं. दुपारी बाजार बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही. मला आणि बहिणीला आतल्या खोलीत बसवून खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. आणि दूरदर्शनने त्या दिवशी काय केलं? लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून खास हिंदी सिनेमा लावला! एवढी मोठी घटना डोक्यावर घडतेय आणि सरकारी टीव्ही सांगतोय, बाहेर बघू नका, इकडे बघा.

२४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीतली सकाळ. त्याच दूरदर्शनने खग्रास ग्रहण थेट दाखवलं, राजस्थानपासून बंगालच्या डायमंड हार्बरपर्यंत. आणि समजावून सांगायला यशपाल. खग्रास अवस्था जेमतेम मिनिटभराची. ते आधी सगळं सांगत होते, चष्मा कुठला, सावलीकडे लक्ष द्या, पक्ष्यांचे आवाज ऐका. आणि आवाजात आनंद लपत नव्हता. सत्तरीला टेकलेला माणूस, पण पहिल्यांदाच बघत असल्यासारखा. आमच्या आजीने ते सगळं टीव्हीवर पाहिलं आणि मग आम्हाला अंगणात जाऊ दिलं. पंधरा वर्षांपूर्वी चादरी तिनेच लावल्या होत्या.

---

मृगनक्षत्र

+१००. आणि लक्षात घ्या, ते ग्रहण लागलं त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २१ सप्टेंबरला, गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांसमोर रांगा लागल्या होत्या. तेव्हाही दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळतं. एकाच देशात एका महिन्यात या दोन्ही गोष्टी. विज्ञान सांगणाऱ्याला त्या वर्षी किती काम होतं!

---

शाळामास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे यशपाल म्हटलं की मला टीव्हीच्या आधी १९९३ चा अहवाल आठवतो. दप्तराच्या ओझ्यावर आर. के. नारायण राज्यसभेत बोलले होते. पुढे १९९२ मध्ये सरकारने यशपालांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सगळ्यांना वाटलं वजनकाटा घेऊन किलोत काहीतरी सांगतील. समितीने सांगितलं की दप्तराच्या वजनाहून जीवघेणं ओझं न समजण्याचं आहे. पोरगं पाठ करतं, लिहितं, पास होतं, आणि त्याला काहीही कळलेलं नसतं.

हे मी रोज बघतो. सहावीच्या पुस्तकात बाष्पीभवन आहे. व्याख्या वर्गातल्या सगळ्यांना येते. पण फळ्यावर ओलं फडकं फिरवून विचारलं, 'पाणी कुठं गेलं?' तर निम्मी मुलं म्हणतात, फळ्यानं पिलं. व्याख्या त्यांच्या डोक्यात एका कप्प्यात आणि फळा दुसऱ्या. त्यानंतर मी लोखंडी पत्र्यावर तोच बोळा फिरवतो. पत्रा तर पाणी पीत नाही, मग? तिथून खरा तास सुरू होतो. पण एका बोळ्यावर अख्खा तास घालवला की अभ्यासक्रम मागे पडतो आणि पालक येऊन विचारतात, 'गुरुजी, धडे कधी संपवणार?'

म्हणून माझं थोडं वेगळं मत. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही यशपालांच्याच अध्यक्षतेखाली झाला, आणि कागदावर तो उत्तम आहे. पण परीक्षेला हात लावल्याशिवाय हे वर्गात उतरत नाही, आणि परीक्षेला हात लावायची ताकद त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांना समित्यांचं अध्यक्षपद मिळालं, अंमलबजावणी दुसऱ्यांकडे.

---

दुर्बीण

@शाळामास्तर, तुमचा फळ्याचा तास म्हणजे होशंगाबादच की! बाकीच्यांसाठी: १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं मित्रमंडळ या दोन संस्थांचं काम. अनिल सद्गोपाल टीआयएफआरमधून तिकडे गेलेले, आणि यशपालांसह संस्थेतले बरेच शास्त्रज्ञ सुट्टी काढून शिक्षकांची शिबिरं घ्यायला जायचे. परीक्षा सुद्धा वही-पुस्तक उघडं ठेवून. म्हणजे परीक्षेला हात लावला होता त्यांनी, आणि तीस वर्षं चालवून दाखवलं. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं.

---

शाळामास्तर

बंद केलं हेच माझं म्हणणं आहे.

---

चतुःशृंगी

पुणेकरांनी कसं गप्प बसायचं! १९८६ ते ९१ यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. एकेका विद्यापीठाला महागडी उपकरणं परवडत नाहीत, आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांची दारं विद्यापीठातल्या पोरांना बंद. यावर त्यांनी आंतरविद्यापीठ केंद्रांची कल्पना पुढे नेली. त्यातूनच १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. जयंत नारळीकर टीआयएफआरमधली स्थिर जागा सोडून तिचे संस्थापक संचालक झाले. पुढे नारळीकरांचीही दूरदर्शनवर 'ब्रह्मांड' ही मालिका आली. म्हणजे त्या वेळी देशातले दोन पहिल्या फळीतले शास्त्रज्ञ टीव्हीवर स्वतः शिकवत होते, आणि दोघेही तितक्याच उमेदीने संस्था उभ्या करत होते.

आणखी एक धागा जुळतो. १९७८ मध्ये पुण्यात टेल्कोत नोकरीला असलेले अरविंद गुप्ता रजा काढून होशंगाबादला गेले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून, त्यांची खेळणी सुरू झाली. पुढे हेच गुप्ता आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. माझी मुलगी तिथे शनिवारी जायची. काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही, हे तिला तिथे कळलं. घरी आल्यावर तिने गच्चीवरून दिसणाऱ्या मोबाइलच्या मनोऱ्यातले त्रिकोण मोजायला घेतले.

---

सडाफुली

@चतुःशृंगी, सुंदर. एक विचारते, राग मानू नका कुणी. आज यूट्यूबवर मराठीतसुद्धा विज्ञान सांगणारे चांगले लोक आहेत, चित्रं कितीतरी सरस असतात. मग यशपालांचं तेव्हाचं स्टुडिओत बसून बोलणं आज कुणी का बघावं?

---

हिरडा

चित्रांसाठी बघू नये. मी दोन गोष्टींसाठी बघेन. एक, ते प्रश्न विचारणाऱ्याला कधी खाली बघत नसत. पत्र कुठल्या गावाहून आलंय, लिहिणारा किती शिकलाय, यावर उत्तराचा आदर ठरत नसे. दुसरं, एखाद्या गोष्टीचं उत्तर विज्ञानाला अजून सापडलेलं नसेल तर तसं सरळ सांगत, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा पडत नसे, उलट खुलत असे. आजच्या व्हिडिओत माणूस आधीच ठरवून येतो की मी हे सात मुद्दे सांगणार. यशपालांकडे सुरुवात पत्राने व्हायची. विषय पाहणारा ठरवायचा. केतकीताईंच्या आई स्वयंपाकघरातून उठून बाहेर आल्या त्या यामुळेच.

---

वाटसरू_निपाणी

हिरडा यांच्याशी शंभर टक्के सहमत.

---

कोलाब्याचा_पाऊस

पुरस्कारांचं कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो: पद्मभूषण १९७६, विज्ञान प्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार २००९, पद्मविभूषण २०१३. मधल्या काळात १९८२ च्या व्हिएन्नातल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश परिषदेचे ते महासचिव होते आणि नंतर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचे सचिव.

---

दुर्बीण

पुरस्कारांपेक्षा मला त्यांचा एक खटला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो इथे यायलाच हवा.

२००२ मध्ये छत्तीसगडने खाजगी विद्यापीठांचा कायदा केला. नुसत्या अधिसूचनेने विद्यापीठ स्थापन व्हायला लागलं. बघता बघता शंभराहून अधिक विद्यापीठं झाली. काहींचा पत्ता म्हणजे एखादी खोली किंवा गाळा, ना वर्ग, ना ग्रंथालय, ना प्रयोगशाळा. यशपाल तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. कसलंही पद नाही. टीव्हीमुळे सगळा देश ओळखतो, सत्कार घेत फिरले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. फेब्रुवारी २००५ मध्ये निकाल लागला, 'प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य'. कायद्यातली ती कलमं घटनाबाह्य ठरली आणि ती सगळी विद्यापीठं बरखास्त झाली.

@शाळामास्तर, अंमलबजावणी त्यांच्या हातात नव्हती हे तुमचं म्हणणं खरं आहे. जिथे कोर्टाचं दार उघडं होतं तिथे ते गेले.

---

शाळामास्तर

हा खटला माहीत होता, पण ते यशपाल म्हणजे हेच यशपाल, हे आज कळलं. त्या विद्यापीठांत प्रवेश घेतलेल्या पोरांचं पुढे काय झालं?

---

दुर्बीण

त्यांचाही विचार निकालात आहे. ज्या संस्था खरोखर शिकवत होत्या त्यांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याचे निर्देश न्यायालयाने राज्य सरकारला दिले, म्हणजे मुलांचं शिक्षण मध्येच तुटू नये.